सरांच्या मैदानावर बसणारी बाई

माहेर माहं डोणगावचं, बाप शिलाईकाम करे, अन् मी घरात सगळ्यायहून उंच, भावायहूनही, म्हनून स्थळ येई अन् आल्या पावली परत जाये, पोरापेक्षा पोट्टी उंच दिसते म्हने. मंग हे आले, बुलढान्याचे, शाळेत पीटीचे सर, बास्केटबॉल शिकवत. पोहे खाल्ले, सयपाकाचं इचारलं नाई, शिक्षनाचं इचारलं नाई, म्हने जरा उभ्या राहा अन् दाराच्या चौकटीले वर हात लावून दाखवा. काय सांगू तुमाले, माहा भाऊ असा तापला, म्हने पोट्टी पाहाले आले का बैल? मी मातर उठली अन् पंजा टेकवला वरच्या लाकडाले. हे म्हने, अरे वा, आधी भेटल्या असत्या त सेंटरले खेळवलं असतं! सेंटर काय ते कोनाले समजलं नाई, पन भाऊ हसला, अन् विहारात लग्न लागलं.

इथं येऊन पाहतो त यायच्या मैदानावर पोट्टेच पोट्टे, पोट्टी एक नाई. हे घरोघरी फिरले, पोट्ट्या खेळाले धाडा म्हनून, मायबाप म्हनत, सर, तुम्ही चांगले हा, पन संगं बाईमानूस कोन हाये? घरी येऊन यायनं चहा मांडला, चहा हेच मांडत, सासूबाईचे पाय हेच दाबत, असा मानूस नाई भेटनार, अन् मले म्हने, उद्यापासून तू चाल. मी म्हनलं मले त बॉल कसा धरतेत तेही माईत नाई. म्हने धरू नको, बसजो. झालं, बसली. मेथी निवडत बसे, पोट्ट्या खेळत. बाहेरगावी सामने असले का मी संगं, यष्टीत कोनाले उलटी आली त लिंबू हुंगवायचं. घरी यायचा आवाज कधी चढला नाई, मैदानावर मातर वरडत, अन् पोट्टी रडली का माह्याकडं पाहत, म्हंजे जाय आता तू.

मांगल्या साली गेले हे. आंघोळीले पानी काढलं अन् न्हानीपाशीच बसले, बसले ते बसलेच. मले अजून राग येते त्यायचा, असं न सांगता कोनी जाते का. तवापासून घरात एका जागी बसनं होत नाई माह्यानं, घासलेले भांडे पुन्हा घासतो.

पोरगा पुन्याले हाये. रोज फोन, आई चाल इकडं, एकटी काऊन राह्यतं. बारकी नात हाये, तिच्यासाठी जीव तुटते. थैली भरतो, पुन्हा काढतो. शिकवाले आता यायचीच खेळाडू येते, प्रियंका, कालेजात हाये, लय चांगली शिकवते, पन मायबाप तिलेही पोट्टीच समजतेत, म्हनून मी अजून जाऊन बसतो. मधात मी तापानं पडली त अर्ध्या पोट्ट्या आल्याच नाईत.

परवा पोराले हो म्हनलं एकदाचं. तो म्हने, आयतवारी गाडी घेऊन येतो. सायंकाळी मैदानावर गेली, पोट्ट्यायले सांगून टाकावं म्हनून, त एक बाई नवी पोट्टी घेऊन उभी, पोट्टीच्या पायात भावाचे बूट. बाई म्हने, काकू, हिचा बाप धाडतच नाई म्हने, मी त्याले सांगतलं तिथं काकू असतेत, तवा कुठं हो म्हनला. असान ना तुम्ही? प्रियंका माह्या तोंडाकडं पाहून राह्यली. अन् निंगून गेलं माह्या तोंडून, हाव, असतो ना मी.

आज शनवार. हे पाहा, पोराचाच फोन वाजून राह्यला. सोन्यासारखं लेकरू हाये हो, त्याचं कल्यान होवो, पन आता काय सांगू मी त्याले?