कापलेलं दीड मिनिट

मी जिनत फिरोज शेख, वय ४३ वर्षे, धंदा नोकरी (प्राथमिक शिक्षिका), नेमणूक जिल्हा परिषद शाळा, माळवस्ती, राहणार वडवणी, जि. बीड. आज दि. २ एप्रिल रोजी समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

आमच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून एकोणीस मुलं आहेत आणि शिक्षक मी एकटीच. शाळेला एक टॅब आहे. नोव्हेंबरमध्ये ‘माझा परिसर, माझी चित्रफीत’ या स्पर्धेचा मेसेज ग्रुपवर आला. मुलांनी स्वतः शूटिंग करून पाठवायचं होतं. चौथीतल्या योगिताने विषय निवडला, ‘मेंढीचे कान’. मेंढपाळ कानाला कातरा मारतात, त्यावरून मेंढी कोणाची ते कळतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत हे मला तिच्याकडून कळलं.

टॅब घरी देऊ नये असा नियम आहे. मेंढ्या शाळेत आणता येत नाहीत, म्हणून रविवारी मी तो योगिताला घरी दिला. सोमवारी तिने साडेचार मिनिटांची फीत करून आणली. तिचे वडील म्हाळू यांच्या कळपात एका मेंढीच्या कानाला दोन कातरे होते. ती खूण वस्तीवरचे आप्पा यांची. ती मेंढी आमच्याकडे कशी, असं योगिताने त्यांना विचारलं होतं आणि आप्पांनी स्वतः फितीत उत्तर दिलं होतं.

स्पर्धेला तीन मिनिटांची मर्यादा होती. आप्पा मध्ये मध्ये खोकत होते, शेळीला हाकलत होते. मला ते पाल्हाळ वाटलं. मी त्यांचं दीड मिनिट कापलं. मेंढीचा कान तेवढा ठेवला, कारण चित्र चांगलं आलं होतं. टॅबमध्ये जागा नव्हती. रोज खिचडीच्या ताटांचे फोटो काढून लिंक भरावी लागते. म्हणून मूळ फीत मी पुसून टाकली.

जानेवारीत आप्पा वारले. त्यांचा मुलगा पंडित इतकी वर्षं कड्याला कामाला होता, तो कळप सांभाळायला परत आला. २६ मार्चला आमच्या फितीचा तालुक्यात दुसरा नंबर आला. आनंदाच्या भरात मी ती गावच्या ग्रुपवर टाकली. पंडितने ती पाहिली. आपल्या बापाच्या खुणेची मेंढी म्हाळूच्या कळपात दिसल्यावर त्याने चोरीची तक्रार दिली. पुरावा म्हणून आमचीच फीत दिली. काल म्हाळूंना इथे आणलं आहे.

काल दुपारी योगिता शाळेत आली आणि म्हणाली, “मॅडम, आप्पा बोलल्यालं दावा की पोलिसांला. म्या काढलंय ना.” मी टॅब उघडला आणि बंद केला. ती म्हणाली, “कावून कापलं?” मला फार लाज वाटली.

संध्याकाळी टॅब घेऊन मी वडवणीत कय्युम मोबाईलवाल्याकडे गेले. त्याने दोन तास खटपट केली. तो म्हणाला, “मॅडम, त्या जागेवर नवे फोटो बसले. आता काई निघत न्हाई.” नवे फोटो म्हणजे खिचडीचे.

पंडित खोटं बोलतो असं माझं म्हणणं नाही. तो तेव्हा गावात नव्हता. मेंढपाळांत मेंढी अर्धलीने, म्हणजे सांभाळायला वाट्याने देताना कागद करत नाहीत, देवाचा भंडारा, म्हणजे हळद, उचलून शपथ घेतात. आणि खूण बदलत नाहीत, कारण मालक तोच राहतो. मेंढी चोरणारा आधी कान बदलतो, हेही मला योगितानेच सांगितलं. ती म्हाळूंची मुलगी असल्याने तिचं म्हणणं धरता येत नाही, असं मला सांगण्यात आलं. आप्पांचं बोलणं तिच्याशिवाय बाहेरच्या कोणी ऐकलं असेल तर ते मी. कापताना चार वेळा ऐकलं होतं, म्हणून पाठ आहे. ते असं (वाडा म्हणजे मेंढ्या कोंडायची जागा):

“ह्या मेंढीचा कान माझा हाय, पर वाडा म्हाळूचा. दोन वर्सं झाली, अर्धलीनं दिलीया. भंडारा उचललाय आमी. पयलं कोकरू त्याचं, दुसरं माझं. हाड, हाड! ह्या शेळीला लई खोड हाय बग. मी ऱ्हाईन न ऱ्हाईन, पोरी, तू ध्यानात ठिव. पंडितला सांगायचं ऱ्हायलंय.”

जबाब लिहिताना हवालदार साहेब म्हणाले की शेळीचं कशाला, मुद्द्याचं तेवढं घेऊ. मी म्हटलं, काही गाळू नका. त्यांनी ते पुन्हा लिहून घेतलं. आता मला सगळं वाचून दाखवलं आहे. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे आणि यातलं काही कापलेलं नाही.