कंबर दुखती म्हण

वसमतच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकड्यावर सासू-सुना बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर तान्हं लेकरू होतं.

"करुणा, डॉक्टरीणबाईला कंबर दुखती म्हण."

"काहून? कंबर न्हाई दुखत. माझं अंग बाहेर येऊन राहिलंय. उकिडवं बसलं की हाताला गोळा लागतोय."

"हळू बोल. बाप्ये बसलेत."

"बसू द्या. ओल्या हळदीचं टोपलं माझ्या डोक्यावर आलं, तवा बी बाप्ये बसलेच होते. सव्वा महिना बी झाला नव्हता मला."

"म्हून तर पोट घट्ट बांधून दिलं होतं."

"वरून आवळलं अन् खालून उतरलं."

"आमी बी बाळंतपणात हळद वाहिली. आमाला काय झालं?"

"आत्याबाई, तुमची पाळी जाऊन किती वरसं झाली?"

"हे काय इचारतीस?"

"मंग धुण्यात तुमची फडक्याची घडी रोज काहून येती?"

"तुला कसं कळलं?"

"धुणं मीच धुते."

"माझं बी अंग उतरलंय, तुझ्या सासऱ्याला बी ठाव न्हाई, माय."

"त्यांचं जाऊ द्या. तुमाला ठाव होतं. तरी टोपलं तुमीच उचलून दिलं."