बटण सोडा, काकू

पूर ओसरला, तरी पलीकडच्या गावाची काहीच खबर नव्हती. शाळेच्या वर्गात वायरलेस मांडला जात होता, तसाच एक सेट पलीकडेही पाठवला होता. रांगेत शिंपीकाका तिसरे होते. त्यांच्या पुढे एक नवरा-बायको होते; त्यांची लेक पलीकडेच दिलेली.

“मी गच्चीवर अँटेना फिरवतो,” वायरलेसवाला म्हणाला. “तोवर कोणीतरी सतत बोलत राहा.”

“हिला बसवा. लग्न झाल्यापासून थांबलेली नाही.”

“अहो, चारचौघांत काय हे!”

“बटण दाबून बोलायचं, काकू. सोडलं की पलीकडचं ऐकू येतं.”

“हॅलो, चिंगे? मी आई. आम्ही बरे आहोत गं. घर सोडताना तुझ्या बाबांनी काय उचललं माहितीये? टीव्हीचा रिमोट! टीव्ही राहिला पाण्यात!”

“ते कशाला सांगतेस?”

“अजून खिशातच आहे, चिंगे! आणि वर मला म्हणतात...”

“काकू, बटण सोडा!” गच्चीवरून हाक आली.

काकूंनी सोडलं. खरखर झाली.

“आई! रिमोटपासून ऐकतेय मी! आम्ही सगळे सुखरूप आहोत. बोल ना!”

पहिली टाळी शिंपीकाकांची पडली, मग सगळ्या रांगेची. काकूंनी बटण दाबलं, तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

“काकू, बोला! सेट बंद पडला का?”

“सेट चालू आहे हो!” नवरा डोळे पुसत वर ओरडला. “हीच थांबलीये!”