शनिवारी तो कुठे जातो

टेलरबाई : पर्स त्या स्टुलावर ठेवा आणि सरळ उभ्या राहा. खांद्याचं माप आधी घेते.

बायको : मी माप द्यायला आलेले नाही.

टेलरबाई : मग दुरुस्ती आहे का? चेन, अस्तर, काय असेल ते दाखवा.

बायको : मी वायरमनची बायको. दर शनिवारी दुपारी तुमच्याकडे येतो ना, त्याची.

टेलरबाई : अच्छा. बसा ना वहिनी.

बायको : वहिनी म्हणू नका. आपलं तसलं काही नातं नाही.

टेलरबाई : बरं. पाणी देऊ?

बायको : नको. मला तो सांगतो, खांद्याच्या व्यायामाला जातो. व्यायाम करून आलेल्या माणसाच्या शर्टाला दोरे कसे चिकटतात? एकदा जांभळे, एकदा पिवळे. मी आपली वेचत बसते. शेवटी गेल्या शनिवारी मागून आले. समोरच्या औषधांच्या दुकानापाशी उभी राहिले. तो आत शिरला आणि तुम्ही शटर अर्धं खाली ओढलंत.

टेलरबाई : गिऱ्हाईक येऊ नये म्हणून.

बायको : तेच म्हणतेय मी.

टेलरबाई : अहो, तुम्हाला वाटतंय तसं काही नाही.

बायको : तसलं असतं तर सोपं होतं. कडाकडा भांडले असते, माहेरी निघून गेले असते, चार जणींना सांगून मोकळी झाले असते. हे काय आहे तेच मला कळत नाही. सासूबाई म्हणतात, एवढं छत अंगावर पडून माणूस जिवंत परत आलाय, आणखी काय हवंय तुला.

टेलरबाई : छत पडलं तेव्हा मीही तिथेच होते.

बायको : माहितीय. कपड्यांच्या कारखान्याचं गोदाम. तो दिवे बसवायला गेला होता, तुम्ही शिलाई खात्यातून गठ्ठे ठेवायला आल्या होतात. पेपरात तुमचा दोघांचा फोटो आला होता, एकाच ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला. माझ्या आईने तो कापून जपून ठेवलाय, जावई वाचला म्हणून. मला फक्त ते ब्लँकेट दिसतं.

टेलरबाई : तिसरे एक काका होते. पॅकिंगमधले. ते त्या फोटोत नाहीत.

बायको : कोण काका? मला तो कधी बोलला नाही.

टेलरबाई : आम्हीही नाही बोलत त्यांच्याबद्दल.

बायको : मग काय बोलता इतका वेळ?

टेलरबाई : काहीच नाही. ते त्या ट्रायल रूममध्ये जाऊन बसतात. दार लावून.

बायको : दार लावून?

टेलरबाई : आतून कडी घालून.

बायको : हे मला सांगू नका. घरात त्याने बाथरूमची कडी स्क्रू काढून फेकून दिलीय. पुढचं दार दिवसरात्र सताड उघडं. जिन्यातलं मांजर येऊन माझ्या पायाशी झोपतं आणि मी पर्स उशीखाली घेऊन झोपते. कपाटाचं दारसुद्धा लावलेलं चालत नाही त्याला. आणि इथे म्हणे कडी.

टेलरबाई : पहिल्यांदा आले तेव्हा नुसता दाराला हात लावून परत गेले. मग हळूहळू बसायला लागले. घाम फुटतो, श्वास लागतो. मी इथे बाहेर मशीनवर असते. मधूनमधून उठून दारावर टकटक करते. तो आतून करतो.

बायको : मघापासून ‘ते’ होते. आता ‘तो’ झाला.

टेलरबाई : चुकलं. तिथे आत अहोजाहो करायला कुणाला सुचत नव्हतं, तीच सवय लागली.

बायको : टकटक कशाला?

टेलरबाई : ढिगाऱ्यात आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो. पाण्याचा एक पाइप तिघांच्याही हाताला लागत होता. त्यावर ठोकलं की कळायचं, आहे अजून. काकाही ठोकायचे. पुढे दोघांचेच आवाज यायला लागले.

बायको : मग हे घरी का नाही करत तो? मी ठोकेन की दारावर. मला काय हात नाहीत?

टेलरबाई : घरी त्यांना लाज वाटते. दाराबाहेर तुम्ही उभ्या आणि आत ते रडतायत.

बायको : तुमच्यासमोर नाही वाटत लाज.

टेलरबाई : आमची लाज तिथेच गेली. अंगावरचे कपडे खराब झाले होते, दोघांचेही. त्यानंतर कसली लाज राहणार?

बायको : एक विचारू? खरं सांगाल?

टेलरबाई : विचारा.

बायको : आत असताना माझं नाव घ्यायचा का?

टेलरबाई : नाही.

बायको : एकदाही नाही?

टेलरबाई : आईला हाका मारायचा. मग पाणी मागायचा. मग मलाच म्हणायचा, शिलाई, झोपू नकोस. माझं नाव ठाऊक नव्हतं त्याला. शिलाई खात्यातली म्हणून शिलाई. अजून तेच म्हणतो.

बायको : अच्छा. म्हणजे शिलाई तुम्ही.

टेलरबाई : का? काय झालं?

बायको : काही नाही. ‘हो, घ्यायचा नाव’ असं म्हणाल्या असतात तर तुमचं काय बिघडलं असतं? मला कुठे कळणार होतं.

टेलरबाई : ओठांवर आलं होतं. पण एक खोटं सांगितलं की बाकीचंही तुम्हाला खोटंच वाटलं असतं.

बायको : बरं, मग आता मला ते ठोकणं शिकवा. कसं ठोकायचं, मध्ये किती थांबायचं. आमचं आम्ही घरी करू. त्याला इथे यायचं कारणच उरणार नाही.

टेलरबाई : नाही शिकवणार.

बायको : का?

टेलरबाई : तुम्ही तोंडावर बोललात, मीही बोलते. मी जळते तुमच्यावर. त्याच्या शर्टाला नवं बटण दिसलं तरी जळते. आम्हाला बाहेर काढलं तेव्हा तुम्ही धावत आलात, आपल्या ओढणीने त्याचं तोंड पुसलंत. मला नर्सने विचारलं, तुमचं कोण आहे, तर मी म्हटलं, भाऊ आहे, परगावी असतो. भाऊ फोनवर म्हणाला, आता विसरून जा ते. ही मशीन आहे ना, हिचा आवाज सुरू झाला की मला वाटतं वरचं हलतंय. आठवडाभर हातशिलाई करते, कपडे वेळेत होत नाहीत, गिऱ्हाइकं तोंडाला येईल ते बोलतात. शनिवारी तो आत असतो, तेवढाच वेळ मशीन चालवता येते मला. एवढं एकच आहे माझ्याकडे. ते तुमच्या घरी कसं पाठवू?

बायको : म्हणजे तो येतो ते तुमच्यासाठीही.

टेलरबाई : त्याला ते ठाऊक नाही. त्याला वाटतं, मी त्याच्यावर उपकार करते.

बायको : हे ऐकून मला बरं वाटेल असं वाटलं का तुम्हाला?

टेलरबाई : नाही वाटलं.

(वायरमन येतो आणि बायकोला पाहून उंबऱ्यातच थांबतो.)

वायरमन : तू इथे कशी?

बायको : तुझा व्यायाम बघायला आले.

वायरमन : मी सांगणार होतो तुला.

बायको : कधी?

वायरमन : घरचं दार लावता आलं की त्याच दिवशी. त्याआधी काय सांगणार, की एवढा मोठा माणूस कपडे बदलायच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतो आणि पोरासारखा रडतो?

बायको : तेच सांगायचं होतंस.

वायरमन : हसली असतीस.

बायको : हसले असते कदाचित. पण मला माहीत तरी असतं. मी काय काय मनात आणलं आणि कुणाकुणाबरोबर तुला उभं केलं, तुला कल्पना नाही.

टेलरबाई : मी जरा बाहेर जाऊन येते.

बायको : थांबा. दुकान तुमचं आहे.

वायरमन : आज राहू दे, शिलाई. आम्ही निघतो. पुढच्या शनिवारीही नाही यायचो. माझं मी बघेन काहीतरी.

टेलरबाई : बरं.

बायको : बरं काय? मघाशी मला एवढं ऐकवलंत, आता याच्यासमोर बोला की.

टेलरबाई : त्याला कशाला ओझं?

वायरमन : कसलं ओझं?

बायको : तू आत असतोस म्हणून तिची मशीन चालते. एरवी तिला तो आवाज सोसत नाही. विचार तिला.

वायरमन : खरं आहे का हे, शिलाई?

टेलरबाई : खरं आहे.

वायरमन : मला वाटायचं, मी उगाच तुझा शनिवार खातो.

बायको : तिला तू शिलाई म्हणतोस ना, तेच झोपेतही म्हणतोस. मी स्वतःची समजूत घालत आले, कारखान्याचं स्वप्न पडलं असेल.

वायरमन : झोपेत? काय म्हणतो मी?

बायको : झोपू नकोस, झोपू नकोस म्हणतोस. ज्या बाईला म्हणतोस ती तिकडे तिच्या घरी. इथे ऐकायला मी एकटी. मग मीच झोपत नाही.

वायरमन : कधी बोलली नाहीस.

बायको : तूही नाही बोललास.

टेलरबाई : काकांनाही तसंच म्हणायचा तो. आधी त्यांना, मग मला.

वायरमन : काका झोपले, शिलाई. मी सांगत होतो, तरी झोपले.

टेलरबाई : हो. मीही ऐकत होते.

बायको : बस जरा. बस इथे. घाम पूस.

वायरमन : रागावलीस का?

बायको : हो.

वायरमन : मग येणं बंद करू?

बायको : नको. मी रागावत राहीन, तू येत जा.