लग्नाच्या आधीचं पान

डोरीन : नाही डॅड, आज विषय टाळायचा नाही. बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. टॉबीनं चित्र काढलंय. लाकडं रचावीत तशी माणसं रचलेली. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, 'आजोबांची सहल'!

एल्मर : सहल?

डोरीन : मग काय म्हणणार तो? अल्बमच्या आदल्या पानावर तुम्ही पॅरिसमध्ये हसत उभे. पुढच्या पानावर तुमचं लग्न. मधे ती जर्मनीतली नाझींची छावणी, प्रेतांचे ढीग. पाच वर्षांचं पोर, दिवा मालवू देत नाही हल्ली.

एल्मर : ते फोटो मी नव्हते दाखवले. तोच अल्बम घेऊन बसतो.

डोरीन : घरातला अल्बम आहे, बसणारच! तेवढे फोटो काढून डब्यात घाला. माळ्यावर ठेवा, बँकेत ठेवा.

एल्मर : आमच्या तुकडीतल्या हॅरॉल्डनं डब्यातच ठेवले होते. साहेबांनी सांगितलं म्हणून आम्ही दोघांनी एकाच सकाळी काढलेले. तो गेला, मुलांनी गॅरेज आवरलं. डबा कचऱ्यात.

डोरीन : आम्ही तसे नाही.

एल्मर : त्याची मुलंही चांगलीच आहेत गं. नाताळला आठवणीनं कार्ड पाठवतात. पण डबा कुणीही टाकतं. लग्नाचा अल्बम कुणी टाकत नाही. मेबलनंच चिकटवले ते तिथं.

डोरीन : मॉमनी? स्वतःच्या लग्नाशेजारी?

एल्मर : स्वतःच्या हातानं. परवा धान्याच्या दुकानात एक जण कॉफी पीत सांगत होता, असलं काही झालंच नव्हतं म्हणे.

डोरीन : मग त्याला दाखवा ना! माझ्या पोराला कशाला?

एल्मर : दाखवले. म्हणाला, असे फोटो कुणालाही विकत मिळतात.

(बाहेरून टॉबीच्या हसण्याचा आवाज. डोरीन खिडकीशी जाऊन पाहून येते.)

डोरीन : तुमच्यापुढे डोकं आपटून उपयोग नाही. मी ती पानं चिमटा लावून बंद करते. मोठा झाला की उघडू.

एल्मर : कर. तेव्हा मी नसेन. 'हे कोण?' म्हणून विचारलं, तर काय सांगशील?

डोरीन : सांगेन, युद्ध होतं.

एल्मर : पॅरिसमध्येही युद्धच होतं. तू ते फोटो नीट पाहिलेत कधी?

डोरीन : ...नाही. ते पान आलं की मी पटकन उलटते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून.

एल्मर : मग?

डोरीन : थांबा, दार लावून घेते. तो आत यायच्या आधी सांगा, ती माणसं कोण होती.