मधली पिशवी

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंप्याचा नंबर अजून लांब होता. समोरच्या बाकावर दोन म्हाताऱ्या, एक गोरी, एक काळी, मध्ये गोरीची पिशवी. शिंप्याची नजर भिंतीवरच्या अक्षरांवर होती, कान मात्र बाकाकडे. काळी म्हणाली,

"रविवारी चर्चमध्ये मिठी मारलीस मला."

"पाद्रीबाबांनी सांगितलं ना, समेट करा म्हणून."

"बावीस वर्षं एका बाकावर बसतो आपण. मध्ये तुझी पिशवी."

"बायबल असतं गं तिच्यात."

"बायबल तुझ्या हातात असायचं. आणि शेजारी एखादी गोरी बसली, की पिशवी पायाशी जायची."

"लक्ष ठेवून होतीस होय?"

"प्रवचन लांबायचं."

"मग मिठी मारू कशाला दिलीस?"

"प्रभूने क्षमा करायला सांगितलंय. गप्प बसायला नाही."

"पिशवीत नुसता रुमाल असायचा. आई मध्ये ठेवायची, म्हणून मीही ठेवायचे. तिला वाटायचं, तुमचा रंग लागतो."

"आणि तुला?"

"मलाही वाटायचं."

"बरं."

"रागावलीस?"

"हो. बावीस वर्षं झाली."

आतून गोरीचा नंबर पुकारला. ती पिशवी तिथेच ठेवून उठली, दोन पावलं गेली आणि परत आली.

"कुठे ठेवू हिला?"

"पायाशी."