चेहरा बापूसाहेबांचा, विंग आपली

…आणि म्हणं चेहरा पायजे! अहो, चेहरा पायजे म्हणजे काय? मला काय चेहरा न्हाय? दोन डोळे, एक नाक, खाली मिशी, सगळं जागच्या जागी हाय की! पण आमच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष आबासाहेब पान चघळत म्हणतात कसं, "सिद्धप्पा, तुजा चेहरा चांगला हाय रे, पण तो बघायला तिकीट कोण काढंल? तो तर बाळीवेशीत झेरॉक्सच्या दुकानात रोज फुकट दिसतोय!" झालं! आता ह्याच्यावर काय बोलणार? आपण विंगेतला माणूस!

तुमाला सांगतो, बावीस वर्षं! बावीस वर्षं मी ह्या मंडळाचा प्रॉम्प्टर हाय. विंगेत अंधारात उभं राहायचं, नट अडकला की हळूच पुढचं वाक्य पुरवायचं, आणि टाळ्या त्याला! मीच का? तर नाटकाच्या प्रती माझ्या मशिनीवर निघतात, आणि प्रती काढता काढता सगळं पाठ. राजाचं पाठ, भिकाऱ्याचं पाठ, बाईचं पाठ, मधे फोन कदी वाजतो ते बी पाठ! पण तोंडाला रंग? एकदा लागला न्हाय. आणि यंदा काय झालं, बापाचं काम करणारे आमचे मास्तर बदली होऊन गेले नातेपुत्याला, तर आमचे दिग्दर्शक खालिदभाई माझ्याकडं बघून म्हणले, "सिद्धप्पा, बाप तू कर." म्हणलं, "कोण, मी?" "तू नै तो और कौन रे?"

अगागागा! घरी येऊन सांगितलं तर आमची महानंदा तव्यावरची भाकरीच विसरली. कोळसा झाला भाकरीचा! लगेच वळसंगला भावाला फोन, टेंभुर्णीला बहिणीला फोन, "आमचे हे स्टेजवर येणार हायत, समदे या!" सत्तावीस माणसं, मोजून! नवीन इरकल साडी घेतली, ती बी मला न विचारता. आणि मी दोन महिने झेरॉक्स काढत काढत शेवटचं दीड पानाचं भाषण म्हणतोय… मुलगी नोकरीला परदेशी निघती आणि जन्मभर गप्प बसलेला बाप पहिल्यांदा तोंड उघडतो, असं हाय ते. गिऱ्हाईक आधार कार्ड घेऊन उभं, आणि मी डोळ्यात पाणी आणून म्हणतोय, "जा बाळा, जा…" एक मावशी तर घाबरून म्हणली, "का ओ, माझं आधार रद्द झालं का काय?"

आणि प्रयोगाला आठ दिवस असताना आबासाहेब आले नाचत. "गावला! चेहरा गावला!" कोण? तर बापूसाहेब! हो हो, सिरियलमधले तेच, रोज संध्याकाळी जिन्यावर उभं राहून सुनेला छळतात ते! आता त्या माणसाचं खरं नाव काय, हे आबासाहेबांना बी ठाऊक न्हाय, बॅनरवर सुद्धा "बापूसाहेब" छापलं! आणि काम कुटलं द्यायचं? तर बापाचं! दोन दिवसात हुतात्मा स्मृती मंदिराचा हॉल फुल्ल. खालिदभाई मान खाली घालून म्हणले, "माफ कर रे भाई." मी काय बोलणार? आपण विंगेतला माणूस! महानंदानं इरकल घडी करून कपाटात ठेवली. लई वाईट वाटलं बघा मला. म्हणलं, पावण्यांना नको म्हणून सांगायचं का? तर सत्तावीसच्या सत्तावीस म्हणले, "छे छे, आमी येणार की! बापूसाहेब हायत ना!" आणि इरकल कपाटातनं परत बाहेर!

बरं, रविवारी दुपारी साडेबाराचा प्रयोग आणि साहेब उतरले अकराला. खालिदभाईंनी विचारलं, "सर, पाठ हाय ना?" तर काळा चष्मा वर करून म्हणतात, "पाठ? अहो, सेटवर मागून कुणीतरी वाक्य बोलतं, आम्ही पुढे बोलतो. आहे ना तुमच्याकडे तसं कुणी?" आणि तुमाला सांगतो, अख्खं मंडळ एकदम माझ्याकडं बघाय लागलं… मी आपला मागं वळून बघतोय, माझ्या मागं कोण हाय!

पडदा उघडला. साहेब आले. टाळ्या म्हणजे काय, थांबंनातच! एक म्हातारी उठून ओरडती, "मुडद्या, सुनेला छळतोस व्हय रे!" त्यांनी तिला बी नमस्कार केला. मी विंगेतनं म्हणलं, "बाळ, चहा ठेव." ते म्हणले, "बाळ, चहा ठेव." आणि थांबले. डावीकडं बघितलं… उजवीकडं बघितलं… मग समोर, भुवई वर करून… आणि तसेच! अहो, कट म्हणायची वाट बघतायत! आता हितं कट कोण म्हणणार? मुलीचं काम करणारी आमची अंकिता, एरवी दातांच्या दवाखान्यात असती बिचारी, ती कप घेऊन उभीच. मी हळूच म्हणलं, "सर, पुढं व्हा, कप घ्या." तर तेवढ्याच गंभीर आवाजात पब्लिकला, "सर, पुढं व्हा, कप घ्या!" मी कपाळाला हात लावला. "अहो, हे बोलायचं न्हाय!" "अहो, हे बोलायचं न्हाय!" टाळी! टाळी पडली ओ! मागनं कुणीतरी म्हणतंय, "बाप कडक हाय, चहावर बी बोलू देत न्हाय." मग मात्र मी श्वास बी जपून घेतला. एकदा खोकला आला, तर ते बी खोकले.

आणि आला शेवटचा प्रवेश. माझं दीड पान! वही मिटली, बघायची गरजच न्हाय. "जा बाळा, जा." "जा बाळा, जा." आणि पुढं… काय झालं मला ठाऊक न्हाय, समोर बघितलं तर तिसऱ्या रांगेत महानंदा, ती इरकल नेसून… तोंडातनं भलतंच बाहेर पडाय लागलं. "बावीस वर्षं अंधारात उभा हाय मी. सगळ्यांचं बोलणं मला पाठ, माझं कुणी ऐकलं न्हाय. एकदाच उजेडात यायचं होतं… माझी बायको बघायला येणार होती…" आणि तो माणूस अक्षर न अक्षर बोलतोय ओ! त्या भारदस्त आवाजात! मी हुंदका दिला की तो हुंदका देतोय! अंकिता खरोखरच रडाय लागली, खालिदभाई समोरच्या विंगेत रुमाल चावतायत. शेवटी रागानं म्हणलं, "आबासाहेब, तुमाला कदी माफ करणार न्हाय!" ते बी म्हणले! आणि पहिल्या रांगेत आमचे आबासाहेब, रडतायत ढसाढसा! त्यांना वाटलं नाटकातलाच कोण तरी आबासाहेब!

पडदा पडला. अख्खा हॉल उभा! हार, नारळ, शाल, सगळं साहेबांना. शाल सावरत मला म्हणतात, "लेखक कोण हो? शेवट काय लिहिलाय!" मी काय बोलणार? आपण विंगेतला माणूस!

तेवढ्यात महानंदा आली विंगेत धावत, मागं सगळे पावणे. डोळे सुजलेले. माझा हात गच्च धरला. मला वाटलं, कळलं! हिला तरी कळलं! आणि ती म्हणती, "काय माणूस हाय ओ! किती आतनं बोलला! राग मानू नका, पण खरं सांगा… तुमाला जमलं असतं का असं?"

म्हणलं, "न्हाय गं. मला कुटलं जमतंय!"

मग काय, बापूसाहेबांसंगं फोटो. मधे ते, शेजारी महानंदा, आजूबाजूला सत्तावीस पावणे, पुढं आबासाहेब. "ओ, जरा काढा की!" म्हणून मोबाइल माझ्या हातात. काढला. लई भारी आलाय बघा… आमच्या घरचे सगळे हायत त्यात.